मालक सही करीना, तर कोर्ट करतं

क्वचित एखाद्या खरेदीखताच्या शेवटच्या पानावर चमत्कारिक मजकूर सापडतो. जमीन विकणारा एक, आणि त्याच्या जागी सही भलत्याचीच: अमुक न्यायालयाचे न्यायाधीश, अमक्याकरिता, तमक्याने त्याच्याविरुद्ध केलेल्या दाव्यात. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश 21 च्या नियम 34 मध्ये, या सहीचा नमुनाच दिला आहे. मालक हयात आहे, चांगला शुद्धीवर आहे, विकायचंच नाही म्हणून हटून बसला आहे. तरीही कायदा म्हणतो, ही सही त्याचीच!

आपल्याकडे जमिनीचा सौदा बहुधा दोन टप्प्यांत होतो. आधी विसार देऊन साठेखत, मग बाकी रक्कम चुकती करून खरेदीखत. मधल्या काळात शेजारून रस्ता जाणार अशी कुणकुण लागली, की मालकाचं मन फिरायला वेळ लागत नाही. आता गंमत पाहा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 बजावून सांगतं, की नुसत्या साठेखताने जमिनीत कसलाही हक्क निर्माण होत नाही. सातबारा मालकाच्याच नावावर. खरेदीदाराच्या हाती उरतं ते फक्त मालकाने दिलेलं वचन, आणि त्या वचनावर कोर्टात जायची मुभा.

पैशांत भरपाई घेऊन मोकळं व्हायला काय हरकत? ज्वारीची पोती एकाने नाकारली तर दुसऱ्याकडून आणता येतात. विहिरीला लागून असलेला तोच गट दुसरा कुठून आणणार? इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टाला हे फार पूर्वी उमगलं. आपल्या 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातही जमिनीच्या बाबतीत भरपाई अपुरीच असं गृहीत धरलेलं होतं. तरी करार पुरा करायला लावणारा हुकूमनामा द्यायचा की नाही, हे न्यायाधीशाच्या विवेकावर असे. 2018 च्या दुरुस्तीने हा विवेक बराचसा काढून घेतला. दावा 12 महिन्यांत निकाली काढावा, फार तर 6 महिने वाढवावेत, असंही तिने म्हटलं आहे. दिवाणी कोर्टाची पायरी चढलेल्यांनी यावर हसू नये.

मात्र खरेदीदाराचीही कसोटी लागते. ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसेल तर नकार कळल्यापासून, 3 वर्षांच्या आत दावा लावायचा. शिवाय आपण सतत तयार होतो, इच्छुक होतो, हे सिद्ध करायचं. अर्देशिर मामा विरुद्ध फ्लोरा ससून हा मुंबईतला वाद 1928 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे होता. कराराची पूर्तता मागणारा वादी मध्येच म्हणाला, ती नको, भरपाई द्या. कौन्सिलने सुनावलं, की तयारी सुनावणीपर्यंत अखंड हवी. ती सोडली तर पूर्ततेऐवजी मिळणारी भरपाईही गेली. मला हा निकाल कठोर वाटतो, पण दुसऱ्याला वचनात बांधू पाहणाऱ्याने स्वतः मोकळं राहावं हेही पटत नाही.

आणि मालकाने दरम्यान जमीन तिसऱ्यालाच विकली तर? त्या तिसऱ्याला साठेखत ठाऊक नसेल आणि त्याने प्रामाणिकपणे पुरे पैसे मोजले असतील, तर तो सुटतो. ठाऊक असेल, तर नाही. नागपूर उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी अशा प्रसंगी तोड काढली: मूळ मालकासोबत त्या तिसऱ्यानेही खरेदीखतावर सही करावी, म्हणजे त्याच्याकडे गेलेली मालकी खऱ्या खरेदीदाराकडे येते. महाराष्ट्रात जाणते वकील दावा लावताच त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याला 1939 मध्ये झालेल्या मुंबईच्या दुरुस्तीमुळे, ही नोंद असेल तरच दावा चालू असताना होणारी विक्री निकालाला बांधली जाते.

हुकूमनामा झाला, मालक तरी ढिम्म. मग हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त. खरेदीखताचा मसुदा खरेदीदारानेच करून कोर्टात द्यायचा. कोर्ट तो मालकाकडे पाठवून हरकती मागवतं, त्यात फेरफार करतं, आणि मुद्रांक भरून आलेल्या प्रतीवर न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी सही ठोकतो. पण कोर्टाने दिलेल्या मुदतीत बाकी रक्कम भरली नाही, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 28 खाली मालक त्याच दाव्यात अर्ज देऊन करारच रद्द करून मागू शकतो.