नवा कॅमेरा आणि योग्य भिंग

डिजिटल एसएलआर कॅमेरा घरांत आला कीं त्याबरोबरचें १८-५५ मिलिमीटरचें भिंग पुरेसें आहे काय, हा प्रश्न लवकरच उभा राहतो. कल्याणांतील आमच्या जुन्या घरीं आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीं आम्हांस त्याचें उत्तर मिळालें. माजघरांतील अंधुक उजेडांत औक्षणाचीं सारीं छायाचित्रें हललेलीं निघालीं. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. ५५ मिलिमीटरवर त्या भिंगाचें छिद्र एफ ५.६ हून अधिक उघडत नाहीं. एफ १.८ चें भिंग त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आंत घेतें.

मग ५० मिलिमीटरचें घ्यावें कीं ३५ चें? प्राथमिक कॅमेऱ्यांतील संवेदक लहान असल्यामुळें ५० चें भिंग ७५ ते ८० सारखें दृश्य दाखवितें. एकट्या आजीच्या मुद्रेस तें उत्तम. परंतु अरुंद माजघरांत सारें कुटुंब मावावयाचें तर ३५ चेंच बरें. दुर्गाडीजवळील खाडीवरच्या पक्ष्यांकरितां मात्र २५० वा ३०० पर्यंतचें भिंग हवें. कांहीं स्वस्त कॅमेऱ्यांत केंद्र साधणारी मोटर नसते. ती भिंगांत आहे ना, हें आधीं पाहावें.

आम्हीं ३५ चें घेतलें. तो सोहळा पुन्हा होणें नाहीं. परंतु आजी अजून माजघरांत बसून तांदूळ निवडते, हें आमचें भाग्य.