सुतारकामाची हत्यारे : घेताना आणि हाताळताना

आयटीआयमध्ये किंवा एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली सुतारकाम शिकणारी मुले आज अनेक घरांत आहेत. काम हाती बसले की हत्यारांची खरेदी सुरू होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांपैकी एक आहे. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. पैसे योजनेतून येवोत की घरातून, ते कशावर खर्च होतात याकडे घरच्यांनीही लक्ष द्यावे. चुकीच्या हत्याराची किंमत शेवटी कमावत्या हाताला मोजावी लागते.

आधी हातहत्यारे

करवत, रंधा, हातोडी, गुण्या, टेप, दोन क्लॅम्प आणि ६, १२ व २५ मिलिमीटरच्या तीन पटाश्या एवढ्यावर बरेच काम होते. करवत घेताना ती डोळ्यांसमोर धरून पाते सरळ आहे का ते पाहा. मूठ हलत असेल तर घेऊ नका. गुण्या तपासणे सोपे आहे. सरळ कडेच्या फळीला तो लावून रेघ मारा, मग उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. रेघा एकमेकींवर आल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर परत करा.

धारदार पटाशीपेक्षा बोथट पटाशी जास्त घातक असते. धार नसली की जोर लावावा लागतो आणि जोरात सटकलेली पटाशी हातात घुसते. म्हणून धार लावायचा दगड पहिल्याच खरेदीत घ्यावा. लाकूड क्लॅम्पमध्ये आवळावे आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत.

मार्बल कटरने लाकूड कापू नका

स्वस्त पडतो म्हणून मार्बल कटरलाच दातेरी पाते लावून प्लाय कापण्याची पद्धत सर्रास दिसते. हे यंत्र फरशी घासत कापण्यासाठी बनवलेले असते. त्याचे पाते मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे घेते. दाता लाकडात अडकला की यंत्र झटक्याने मागे उसळते. बटण लॉक केलेले असेल तर हातातून सुटल्यावरही ते फिरत राहते. ग्राइंडरला लाकडाचे पाते लावणे तर याहूनही वाईट.

लाकडासाठी सर्क्युलर सॉच घ्यावा. त्याच्या पात्याखालचे झाकण कापून झाल्यावर स्प्रिंगने आपोआप बंद होते. दुकानातच ते उघडझाप करून पाहा. पुढे काम भरभर व्हावे म्हणून हे झाकण बांधून ठेवू नका किंवा काढू नका. नवे सर्क्युलर सॉ आत्ता परवडत नसेल तर दुकानातून प्लाय कापून आणावा, पण कटर वापरू नये.

चालू करण्यापूर्वी

सैल बाह्यांचा कुर्ता, गळ्यातला रुमाल, अंगठी, घड्याळ बाजूला ठेवा. फिरत्या पात्याजवळ हातमोजेही नकोत, कारण ते पात्यात ओढले जातात. पाते बदलताना प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. वायरची उघडी टोके काड्यांनी सॉकेटमध्ये खोचू नका.

चष्मा आणि मास्क यांचा खर्च हत्यारांतच धरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गटात टाकली आहे. तोंडाला बांधलेल्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क वापरावा. घरात फर्निचरचे काम चालू असेल तर लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

अपघात झालाच तर

हे घरातल्या बायकामुलांनाही माहीत हवे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा आणि १०८ ला फोन करा. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, त्याने पेशी मरतात. हळद, चहापावडर लावत वेळ घालवू नका. बोट लवकर पोहोचले तर शस्त्रक्रियेने जोडता येण्याची शक्यता असते.

कामाची पेटी भरताना रंधा-पटाशीबरोबर चष्मा, मास्क आणि मलमपट्टीचा डबा त्यात आहे की नाही, एवढे घरातल्या कोणीतरी रोज विचारावे.