हलणाऱ्या इमारतीचा अभिमान

तैपेई : तैवानकडे वादळ येत असल्याची बातमी दिसली की पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात. तुमच्याकडचा तो उंच टॉवर वाऱ्यात हलत नाही ना? विचारणाऱ्याच्या मनात एक समज पक्का असतो : भक्कम इमारत हलत नाही आणि हलली म्हणजे ती कच्ची. तैपेई १०१ ही ५०८ मीटर उंचीची इमारत हलते, हलावी अशीच बांधली आहे आणि किती हलली ते इथे बातम्यांत सांगतात.

तिच्या ९२व्या मजल्यापासून ८७व्या मजल्यापर्यंत जाड तारांच्या दोरांवर ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलेला आहे. साडेपाच मीटर व्यासाचा हा गोळा एकसंध उचलणे क्रेनला शक्य नव्हते, म्हणून ४१ चकत्या वर चढवून तिथेच जोडल्या. इमारत एका बाजूला झुकू लागली की गोळा मागे रेंगाळतो, आणि त्याच्याखालचे अजस्र शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या ओढाताणीतली ऊर्जा जिरवतात. ऑगस्ट २०१५मध्ये सौदेलोर वादळात तो सुमारे एक मीटर सरकला होता. ती चित्रफीत इथल्या लोकांनी कौतुकाने पाहिली.

गोळा नसता तर इमारत कोसळली असती, असे मात्र नाही. तिला उभी धरतात ते आठ महाकाय खांब आणि जमिनीत ८० मीटरपर्यंत गेलेले ३८० पाइल. गोळा आहे तो आत बसलेल्या माणसांसाठी. त्यांना गरगरू नये, टेबलावरचे काम सुरू राहावे म्हणून. माणसाच्या पोटात ढवळू नये यासाठी एवढे पोलाद वर चढवले, हे मला फार मोलाचे वाटते.

वाऱ्याचा समोरून बसणारा रेटा सहज समजतो. जास्त छळतो तो आडवा हेलकावा. इमारतीला वळसा घालताना वारा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरे सोडतो. त्या भोवऱ्यांचा ताल इमारतीच्या स्वतःच्या तालाशी जुळला, तर नेमक्या वेळी ढकललेल्या झोपाळ्यासारखा हेलकावा वाढत जातो. म्हणून कॅनडातल्या पवनबोगद्यात नमुने तपासून इमारतीचे चारही कोपरे पायऱ्यांसारखे आत कापले. तेवढ्या बदलाने वाऱ्याचा भार जवळजवळ पाव हिश्शाने उतरला. खालून ती नक्षी वाटते, पण तिचे काम भोवरे मोडण्याचे आहे.

यातले बरेचसे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असते, कारण गोळा दडवलेला नाही. तिकीट काढून वर गेलेल्या माणसाला तो समोरून पाहता येतो. शेजारी त्या गोळ्याचीच बाहुली विकायला असते. वादळ येणार असेल तर शाळा-कचेऱ्या बंद ठेवायच्या का, हे त्या त्या शहराचे प्रशासन बहुतेकदा आदल्या संध्याकाळीच जाहीर करते. एवढी तयारी असूनही वादळात पाट्या इथेही उडतात. सौदेलोरमध्ये अशाच एका पाटीच्या माराने दोन टपालपेट्या वाकल्या, त्यांच्यासोबत फोटो काढायला रांगा लागल्या आणि टपालवाल्यांनी त्या वाकड्याच राहू दिल्या.

आता आपल्याकडे या. माझ्या वहिनींनी मध्य मुंबईत चाळिसाव्या मजल्याच्या वर घर घेतले. विक्री-कार्यालयात त्यांनी विचारले, वाऱ्यात वरचे मजले किती हलतात? "मॅडम, आपली बिल्डिंग अजिबात हलत नाही," असे ठणकावून सांगण्यात आले. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्या दुपारी वहिनींच्या दिवाणखान्यातले झुंबर डोलू लागले, बादलीतले पाणी हिंदकळू लागले आणि त्या सासूबाईंना घेऊन जिन्याने खाली उतरल्या. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी विचारले, तर उत्तर आले : अफवा पसरवू नका. इमारत आपले काम चोख करत होती. पण कुणीच काही न सांगितल्यामुळे सत्तरी उलटलेली बाई चाळीस मजले उतरली. याचा मला अजून राग येतो.

आपल्याकडे ज्ञानाचा दुष्काळ नाही. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, आयएस ८७५चा तिसरा भाग, २०१५मध्ये सुधारले गेले. मुंबईसाठी त्यात सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वेग धरला आहे. उंच इमारतींसाठी २०१७मध्ये आयएस १६७०० हे मानक आले. रहिवाशांना जाणवणाऱ्या हालचालीचाही विचार त्यात केला आहे. आपले अभियंते हे हिशेब उत्तम करतात. ते हिशेब घर घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्याच्या हातात येते माहितीपुस्तिका. तिच्यात समुद्राचा देखावा असतो, जलतरण तलाव असतो, वारा नसतो.

वाऱ्याविषयी न बोलण्याची ही सवय इमारतींपुरती राहत नाही. १३ मे २०२४ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळले. महापालिकेची मर्यादा चाळीस बाय चाळीस फुटांची, फलक एकशे वीस बाय एकशे वीसचा. उंची-रुंदी तिप्पट म्हणजे वाऱ्याला अडवणारा पृष्ठभाग नऊपट. सतरा माणसे गेली. एवढा प्रचंड फलक रोज हजारोंच्या डोळ्यांसमोर उभा होता. हा वारा पेलेल का, हे विचारण्याची सवय लागली असती तर तो मे महिन्यापर्यंत उभा राहिला नसता, असे मला मनापासून वाटते.

म्हणून घर घेणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. कार्पेट एरियाइतक्याच हक्काने विचारा : मोठ्या वादळात माझा मजला किती हलेल आणि पवनबोगद्याचा अहवाल कुठे पाहायला मिळेल? "अजिबात हलत नाही" असे उत्तर आले, तर तिथे बयाणा देऊ नका.