आभासी खेळाचे खरे मोल

नवे यंत्र बाजारात आले की त्याच्या किमतीची चर्चा आधी होते आणि उपयोगाची नंतर. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजेच आभासी वास्तवावर आधारलेल्या खेळांच्या वाट्याला ही चर्चा गेली तीस वर्षे आली आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवावा, भोवतालची खोली नाहीशी व्हावी आणि मान वळवावी तिकडे नवे जग दिसावे, ही कल्पना कोणालाही भुरळ घालणारी आहे. मात्र या जगाचा उंबरठा ओलांडण्याचे मोल सुरुवातीपासूनच जबर राहिले. ते मोल उतरले तर हे खेळ घरोघरी पोहोचतील काय? आजवरचा अनुभव पाहता या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

ही यंत्रे महाग का, हे प्रथम समजून घेऊ. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचा खेळ सेकंदाला तीस किंवा साठ चित्रांवर सुखेनैव चालतो. हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रे लागतात आणि तीही सेकंदाला नव्वदच्या आसपास. शिवाय मान किंचित हलताच चित्रही त्याच क्षणी हलावे लागते. तिथे निमिषभर उशीर झाला, की डोळे एक सांगतात आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच सांगते. परिणामी मळमळ सुरू होते. हा उशीर टाळण्यासाठी उत्तम पडदे, सूक्ष्म संवेदक आणि ताकदवान संगणक लागतो. किमतीचे मूळ इथे आहे.

स्वस्ताईचा धडा

केवळ स्वस्त यंत्र काढून भागत नाही, हे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९९५ मध्येच अनुभवले. तिच्या ‘व्हर्च्युअल बॉय’ची अमेरिकेतील किंमत सुमारे १८० डॉलर, म्हणजे त्या मानाने आवाक्यातली होती. पण चित्र फक्त लाल आणि काळ्या रंगात, यंत्र टेबलावर ठेवून त्यात डोळे खुपसायचे आणि मान वळवली तरी दृश्य तेच. वर्षभरातच ते बाजारातून गेले.

दुसरी लाट आली ती २०१२ मध्ये. पामर लकी या तरुणाने ‘ऑक्युलस रिफ्ट’साठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली आणि सुमारे २४ लाख डॉलर जमले. २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये रिफ्ट ग्राहकांच्या हाती आला, तेव्हा त्याची किंमत ५९९ डॉलर होती. तो चालवण्यास समर्थ असा संगणक वेगळाच घ्यावा लागे. त्याच वर्षी आलेल्या ‘एचटीसी व्हाइव्ह’ला ७९९ डॉलर पडत. पुढे संगणकच हेडसेटमध्ये सामावला आणि २०२० मध्ये ‘क्वेस्ट २’ अवघ्या २९९ डॉलरना मिळू लागला. चार वर्षांत झालेली ही घसरण लक्षणीय होती.

परंतु ही स्वस्ताई कोणाच्या खिशातून आली? फेसबुकची मूळ कंपनी मेटा हिने त्यासाठी प्रचंड पदरमोड केली. तिच्या ‘रिअ‍ॅलिटी लॅब्स’ या विभागाचा २०२४ या एका वर्षातील तोटा सुमारे १७.७ अब्ज डॉलर होता. त्यात हेडसेटखेरीज चष्मे आणि भावी तंत्रज्ञानाचे संशोधनही येते, हे खरे. तरीही अशी पदरमोड करण्याची ऐपत मोजक्याच कंपन्यांकडे असते आणि तीही कायम राहील याचा भरवसा नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘क्वेस्ट २’ची किंमत शंभर डॉलरनी वाढवण्यात आली, तेव्हा ग्राहकांना याची चुणूक मिळालीच.

दात आणि चणे

दुसरा पेच खेळांचा. हेडसेट थोडे असल्याने मोठे खेळ काढणे परवडत नाही आणि मोठे खेळ नसल्याने लोक हेडसेट घेत नाहीत. दात आहेत तर चणे नाहीत, अशी ही गत. सोनीचे उदाहरण बोलके आहे. २०२०च्या आरंभी कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार प्लेस्टेशन ४ दहा कोटींहून अधिक विकले गेले होते, तर त्याला जोडायचे व्हीआर हेडसेट केवळ ५० लाख. मुख्य यंत्र घरात होते, तरीही वीस जणांतील एकानेच पुढचा खर्च केला. उरलेल्या सर्वांना केवळ पैशाने अडवले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

या खेळांचे खरे मोल डॉलरमध्ये पुरते मोजता येत नाही. त्यासाठी घरात मोकळी जागा हवी, डोक्यावर वजन पेलायची तयारी हवी आणि घरच्यांपासून तेवढा वेळ तुटून राहण्याची मुभा हवी. आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा तोही महाग होता, येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. तरी तो पसरला, कारण त्याची गरज रोजची होती. करमणुकीच्या साधनाला गरजेचा हा आधार नसतो. नव्याचे नऊ दिवस सरले, की ते कपाटात जाते.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. २०१८ मध्ये आलेला ‘बीट सेबर’ प्रागमधील एका छोट्या चमूने घडवला. संगीताच्या तालावर समोरून येणारे ठोकळे दोन तलवारींनी छेदायचे, इतकाच तो खेळ. खेळाडू एका जागी उभा राहत असल्याने मळमळ फारशी होत नाही, नियम मिनिटभरात कळतात आणि अंगाला व्यायाम घडतो. पडद्यावरचा खेळ उचलून हेडसेटमध्ये कोंबण्याऐवजी या माध्यमालाच साजेसा खेळ रचला, की लोक तो पुन्हा पुन्हा खेळतात, हे त्याने दाखवून दिले.

तात्पर्य, आरंभीच्या चढ्या किमतीवर मात करता येते आणि ती काही अंशी झालेलीही आहे. मोबाइलसारखा सार्वत्रिक प्रसार नाही, तरी चोखंदळ खेळाडूंच्या वर्गात हे माध्यम तग धरू शकेल. घरासाठी हेडसेट घेण्याचा विचार करणाऱ्यांनी म्हणूनच किमतीच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. आधी एखाद्या परिचिताकडे किंवा दुकानात अर्धा तास तो लावून पाहावा आणि तीन महिन्यांनंतरही आपण तो कपाटातून काढू का, असे स्वतःला विचारावे. या माध्यमाचे भवितव्यही त्याच उत्तरावर ठरणार आहे.