वजनकाट्याची निगा



ऊस गेटवर आला की आपली नजर काट्याच्या आकड्यावर जाते, आणि ते बरोबरच आहे. 15 टन उसात अर्धा टक्का चूक झाली तर 75 किलो उसाचा फरक पडतो!

आजचा काटा लोडसेलवर टेकलेला असतो. त्याच्या प्लॅटफॉर्मला कडेने मोकळीक लागते. आपल्या चंदगडी पावसात त्या फटीत चिखल, खडी, पाचट अडकते. मग काही भार सेलवर न येता कडेच्या भिंतीवर जातो आणि वजन कमी भरते. रिकाम्या काट्यावर शून्य दिसले तरी हा दोष लपून राहू शकतो. म्हणून फटी रोज साफ कराव्या लागतात, खड्ड्यातले पाणी काढावे लागते आणि प्रमाणित वजने चारी कोपऱ्यांवर ठेवून ताळा घ्यावा लागतो. वैध मापन नियमांप्रमाणे दर 12 महिन्यांनी फेरपडताळणी व मुद्रांकन सक्तीचे आहे.

आपणही गाडी चढण्यापूर्वी शून्य बघा. सगळी चाके काट्यावर आहेत ना ते पाहा. भरल्या व रिकाम्या, दोन्ही वजनांची पावती घ्या. शंका आली तर तिथल्या तिथे विचारा. घाम आपला आहे, विचारण्यात कसला कमीपणा?