गुण किती, आणि कुणाच्या मानाने?

दहावं वाक्य: आवराआवर करायला आवडतं. चाळिसावं: वस्तू जागच्या जागी ठेवायला बरेचदा विसरायला होतं. सत्तराव्या क्रमांकावर खोलीतला पसारा येतो आणि शंभराव्यावर इकडेतिकडे पडलेल्या आपल्या वस्तू. मधल्या एकोणतीस-एकोणतीस वाक्यांत काळजी, राग, पार्ट्या, कल्पनाशक्ती, दुसऱ्यावरचा विश्वास असं काय काय येऊन जातं. चाळिसाव्यावर पोचेपर्यंत दहाव्याला काय लिहिलं होतं ते डोक्यातून गेलेलं असतं, आणि ते जावं अशीच मांडणी आहे. एकूण १२० वाक्यं, ३० पोटगुण, प्रत्येक पोटगुणाच्या वाट्याला चार वाक्यं, चारांत बरोबर तीसतीसचं अंतर.

इंटरनेटवर व्यक्तिमत्त्व चाचण्यांचा बाजार भरलेला असतो. त्यातली ही चाचणी मला आवडते, कारण तिचं मागचं दार उघडं आहे. हिचं नाव आयपिप-निओ-१२०. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या ड्युबॉय इथल्या शाखेतले मानसशास्त्रज्ञ जॉन ए. जॉन्सन यांनी आधी ३०० वाक्यांची मोठी चाचणी इंटरनेटवर ठेवली होती. तिची ही आटोपशीर आवृत्ती त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. कुठलं वाक्य कुठल्या पोटगुणाचं, गुण कसे द्यायचे, हे सगळं जाहीर आहे. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन हिचं गणित घरी करून बघता येतं. मी केलं.

आवराआवरीचीच चार वाक्यं घेऊ. प्रत्येक वाक्याला एक ते पाच गुण: अजिबात लागू नाही म्हटलं की १, पुरेपूर लागू म्हटलं की ५. ही पाच पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली आणि तेव्हापासून बँकेच्या अभिप्राय-फॉर्मपर्यंत सगळीकडे ती ठाण मांडून बसली आहे. दहाव्याला मी ४ दिले. बाकीची तीन वाक्यं उलटी आहेत, पसाऱ्याच्या बाजूने बोलणारी. तिथे दिलेला आकडा सहातून वजा करायचा. विसरण्याला मी २ दिले होते, त्याचे झाले ४. पसाऱ्याला १, त्याचे ५. इकडेतिकडे पडलेल्या वस्तूंना मात्र प्रामाणिकपणे ४ दिले (चष्मा, पेनं, एका कानातलं), त्याचे उरले २. बेरीज १५. कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त २० या पट्टीवर १५.

उलटी वाक्यं मुद्दाम घातलेली असतात. काही माणसांना काहीही विचारा, ती ‘हो’ म्हणतात. भिडस्तपणा म्हणा किंवा कंटाळा. सगळी वाक्यं एकाच बाजूची असती तर असा होयबा थेट नीटनेटकेपणाचा पुतळा ठरला असता. उलट्या वाक्यांमुळे त्याची बेरीज मधेच कुठेतरी अडकते.

आता १५ म्हणजे नीटनेटकी की अव्यवस्थित? इथे चाचणीचा खरा कारभार सुरू होतो. नुसत्या १५ ला काही अर्थ नाही. शाळेत ७० मार्क म्हटल्यावर आई पहिला प्रश्न विचारायची, “वर्गात बाकीच्यांना किती?” चाचणीही तेच विचारते. तुमच्या लिंगाच्या आणि वयोगटाच्या लोकांनी आधी दिलेल्या उत्तरांची सरासरी तिच्याकडे असते, आणि ती उत्तरं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचा आकडाही. सरासरीला ५० म्हणायचं, पसरणीच्या एका पायरीला १०. समजा, तुमच्या गटाची सरासरी १३ आहे आणि पसरण ४. तुमचे १५ म्हणजे सरासरीच्या अर्धी पायरी वर, म्हणून ५५. शंभरातल्या साधारण ६९ जणांच्या पुढे. आणि गटाची सरासरी १७ असेल तर? तेच १५, त्याच पडलेल्या पेनांसकट, ४५ होतात, आणि ६९ जण तुमच्या पुढे जातात. चाळिशी ओलांडली की वयोगट बदलतो. उत्तरं तीच ठेवून फक्त वय बदलून बघा, आकडे हलतात.

बहुतेक लोक हे लक्षात घेत नाहीत, आणि चाचण्यांची दुकानं थाटणारे ते सांगत बसत नाहीत. ‘तुमच्या अंगी ६९ टक्के नीटनेटकेपणा आहे’ असं कुठलाही आकडा म्हणत नाही. तो रांगेतली जागा सांगतो. आणि रांग कुणाची, हे जिने रांग लावली तिच्या हातात.

जॉन्सन यांच्या रांगेत माणसं मात्र भरपूर आहेत. ३०० वाक्यांच्या चाचणीची तीन लाखांवर आणि १२० वाक्यांच्या चाचणीची सहा लाखांवर माणसांची उत्तरं त्यांनी संशोधकांसाठी खुली केली. या रांगेत सगळेच काही मन लावून उत्तरं देणारे नव्हते. कुणी पाठवण्याचं बटण दोनदा दाबलेलं, कुणी ओळीने तोच तो पर्याय निवडत गेलेला, कुणी निम्मी वाक्यं कोरी सोडलेली. २००५ मध्ये जॉन्सन यांनी या निवडण्या-टिपण्याच्या कामावरच एक शोधनिबंध लिहिला. तांदूळ निवडल्याशिवाय शिजवायला घ्यायचे नाहीत, एवढंच ते.

या चाचणीचं मूळ शब्दकोशात आहे, हे मला फार गमतीचं वाटतं. १८८४ मध्ये फ्रान्सिस गाल्टन रॉजेटचा शब्दसंग्रह उघडून बसला आणि माणसाच्या स्वभावाचे साधारण हजार शब्द त्याला सापडले. विचार असा, की माणसांना एकमेकांत जो फरक रोजच्या व्यवहारात जाणवतो त्याला भाषेने कधी ना कधी शब्द दिलेलाच असतो. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघांनी वेब्स्टरचा जाडजूड कोश चाळून १७,९५३ शब्दांची यादी केली. पुढे ही यादी गाळली गेली, लोकांना त्या शब्दांवर स्वतःला आणि एकमेकांना जोखायला सांगितलं गेलं, आणि कुठले शब्द एकमेकांच्या हातात हात घालून फिरतात ते आकडेमोडीने शोधलं गेलं. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना पुन्हा पुन्हा पाचच मोठे गठ्ठे सापडले; आज ते साधारण असे ओळखले जातात: चिंताळूपणा, बहिर्मुखता, नव्याची ओढ, सौजन्य आणि कर्तव्यदक्षता. मराठी नावं माझी, गठ्ठे त्यांचे. लुइस गोल्डबर्ग यांनी १९८१ मध्ये त्यांना ‘बिग फाइव्ह’ म्हटलं.

हेच गोल्डबर्ग पुढे चिडले. या पाच गुणांची नावाजलेली चाचणी कोस्टा आणि मॅक्रे यांची, १९९२ च्या आवृत्तीत २४० वाक्यांची, पण ती प्रकाशकाच्या मालकीची. विकत घ्या, वाक्याला हात लावू नका. गोल्डबर्ग यांचं म्हणणं, अशा कुलूपबंद चाचण्यांनी शास्त्र पुढे सरकत नाही. म्हणून नव्वदच्या दशकात त्यांनी वाक्यांचं एक सार्वजनिक कोठार उभं केलं, त्याचं नाव आयपिप. आज त्यात तीन हजारांवर वाक्यं आहेत. परवानगी नको, पैसे नकोत. जॉन्सन यांची चाचणी याच कोठारातल्या धान्याची.

मोल्सवर्थचा कोश उघडून आपल्याकडे कुणी असा बसला तर काय हाती लागेल, हा माझा आवडता रिकामटेकडा विचार आहे. खवचट, हेकट, चेंगट, भिडस्त, लाघवी, आतल्या गाठीचा. ‘खवचट’ पाच गठ्ठ्यांतल्या कुठल्या गठ्ठ्यात टाकणार? हिंदीत हे काम झालं आहे. सिंग, मिश्र आणि डी राड यांचा २०१३ चा अभ्यास स्वभावदर्शक हिंदी शब्द घेऊन केलेला आहे, आणि त्यातून वर आलेले गठ्ठे सत्त्व, रज, तम या ओळखीच्या त्रयीची आठवण करून देणारे निघाले. गीतेच्या चौदाव्या अध्यायाला आकडेवारीचा आधार मिळाला असं कुणी लगेच फॉरवर्ड करू नये. भाषा बदलली की चाळणीची भोकंही बदलतात, एवढंच त्यातून घ्यावं.

भाषांतराचंही तेच. सातवं वाक्य मोठ्या पार्ट्यांची आवड विचारतं. आयुष्यात पार्टीला न गेलेली पण पाचशे पानांच्या लग्नात पदर खोचून हौसेनं वाढणारी बाई इथे काय लिहील? अठ्ठाविसावं विचारतं, निवडणुकीत उदारमतवादी उमेदवाराला मत देता का. अमेरिकेत याचं उत्तर पोराटोरांनाही देता येतं. आपल्याकडे ‘उदारमतवादी’ शब्द अजून नामदार गोखल्यांच्या फोटोखालीच आहे. तरी उत्तर दिलंत की ते नव्याच्या ओढीच्या बेरजेत जातं.

इथवर गुणांचं झालं. पण भाचीने मला पाठवलेला स्क्रीनशॉट गुणांचा नव्हता, जुळवणीचा होता. “मावशी, मी अमक्या मालिकेतल्या डिटेक्टिव्हशी ९१ टक्के जुळते. तू कोण?”

अशा चाचण्यांतली नीट बांधलेली एक ओपन-सोर्स सायकोमेट्रिक्स प्रोजेक्टची आहे. दोन विरुद्ध विशेषणं दोन टोकांना, मध्ये सरकपट्टी, त्यावर स्वतःला कुठे ठेवायचं ते ठरवा. पात्रांना गुण लेखकाने किंवा निर्मात्याने दिलेले नसतात. चाचणी द्यायला आलेल्या लोकांनीच त्यांच्या ओळखीच्या पात्रांना अशाच पट्ट्यांवर बसवलेलं असतं, त्याची सरासरी. म्हणजे भाची डिटेक्टिव्हशी जुळली नाही. डिटेक्टिव्हबद्दलच्या लोकमताशी तिचं स्वतःबद्दलचं मत जुळलं.

आणि जुळलं म्हणजे काय? १९५३ मध्ये क्रॉनबाख आणि ग्लेसर यांनी याच प्रश्नाची चिरफाड केली. दोन माणसांच्या आलेखांत तीन गोष्टी असतात: आलेख एकंदर किती उंचावर आहे, त्यात चढउतार किती मोठे, आणि चढउतारांचा आकार कसा. जुळवणीची कुठली रीत वापरता त्यावर यातलं काय दिसतं आणि काय गायब होतं ते ठरतं. एक खेळ करून बघा. नीटनेटकेपणा, बोलकेपणा, धीटपणा अशा तीन पट्ट्या. तुमचे गुण ५२, ५०, ४८, म्हणजे अगदी मध्यममार्गी. पहिलं पात्र ९०, ५०, १०: घर आरशासारखं, पण झुरळ दिसलं की खुर्चीवर. दुसरं पात्र ४८, ५०, ५२, म्हणजे तुमच्यासारखंच मध्यममार्गी. नुसतं अंतर मोजलं तर दुसरं पात्र तुमचा शेजारी, पहिलं गावाबाहेर. पण सहसंबंध काढला, म्हणजे फक्त आकार पाहिला, तर पहिल्या पात्राशी तुमचं पूर्ण जुळतं, कारण त्याचाही आलेख तुमच्यासारखा डावीकडून उजवीकडे उतरतो. दुसऱ्याशी तुमचं पूर्ण वाकडं. गणित दोन्हीकडे बरोबरच आहे. निवड चाचणी बांधणाऱ्याची, आणि ती निकालाच्या पानावर लिहिलेली नसते.

आणखी एक गोम आहे. बहुतेक माणसं स्वतःला प्रेमळ, प्रामाणिक, बऱ्यापैकी हुशार अशीच मांडतात. मालिकांतली लाडकी पात्रंही लोकांनी तशीच मांडलेली असतात. त्यामुळे कुणाचाही आलेख कुठल्याही भल्या पात्राशी मुळातच बराचसा जुळलेला असतो. हा सगळ्यांत समान असलेला भाग वजा करून उरलेलं मोजलं, तर ९१ टक्क्यांची बरीच हवा जाते. वर यादी उतरत्या क्रमाने लावली की कुणी ना कुणी पहिलं येणारच, कितीही दूरचं असो.

जुळवणीचे आकडे आपल्याला नवे नाहीत. पत्रिकेतले ३६ गुण आठा कसोट्यांतून येतात, आणि त्यांना भार चढता: वर्णाला १, वश्याला २, असं करत नाडीला ८. अठरा जमले की बोलणी पुढे. ओकेक्युपिड या डेटिंगच्या संकेतस्थळाने हेच काम दुसऱ्या भारांनी केलं. २००४ मध्ये हार्वर्डमध्ये शिकलेल्या चौघांनी ते काढलं. त्याच्या मूळच्या रचनेत प्रश्नाला तुम्ही किती महत्त्व देता त्यावर भार होते ०, १, १०, ५० आणि २५०. भावी जोडीदाराचं उत्तर तुम्हाला किती पटतं ते एक टक्के, तुमचं त्याला किती पटतं ते दुसरे, आणि दोन्हींची साधी सरासरी न काढता गुणाकाराचं वर्गमूळ. ९० आणि १० ची सरासरी ५० येते, वर्गमूळाने ३०. एकतर्फी प्रेमाला हे सूत्र दंड करतं. पत्रिकेत ही सोय नाही. व्यक्तिमत्त्वाच्या यंत्रांत इतकी समंजस कारागिरी मी फार कमी पाहिली.

२०१४ मध्ये याच मंडळींनी स्वतःच्या सूत्राची एक परीक्षा घेतली. ३० टक्के जुळणाऱ्या काही जोड्यांना त्यांनी सांगितलं, तुम्ही ९० टक्के जुळता. ३० ला ३० च दाखवलं तेव्हा शंभर पहिल्या संदेशांतल्या १० चाच चार संदेशांपर्यंतचा संवाद झाला होता. खोटे ९० दाखवल्यावर १७ चा झाला. खरोखर ९० असलेल्यांना ९० दाखवलं तेव्हा २० चा. संस्थापकांपैकी क्रिश्चन रडर यांनी हे आकडे उघडपणे प्रसिद्ध केले आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. प्रयोग संपल्यावर त्या जोड्यांना त्यांचा खरा आकडा कळवण्यात आला.