व्यायामशाळेचे दार आणि आतली माणसे

नाशिकमधल्या सामूहिक व्यायामशाळा साधारण तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात संस्थांच्या व्यायामशाळा येतात. यशवंत व्यायामशाळा, लेझीम पथकामुळे गावभर ओळखली जाणारी गुलालवाडी व्यायामशाळा आणि जुन्या नाशकातल्या तालमी या त्यातल्या. दुसरा प्रकार महापालिकेचा. १९८२ साली नाशिक महापालिका स्थापन झाली आणि पुढे प्रभागांमध्ये समाजमंदिरे, अभ्यासिका व व्यायामशाळा बांधल्या गेल्या. त्यातल्या अनेक चालवण्यासाठी स्थानिक मंडळांकडे आणि संस्थांकडे आहेत. उद्यानांत आणि जॉगिंग ट्रॅकलगत उघड्यावर बसवलेली व्यायामाची साधनेही याच प्रकारात मोडतात. तिसरा प्रकार सर्वांत नवा. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या बाजूंना उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांमध्ये रहिवाशांसाठी जिम असते आणि तिचा खर्च मासिक देखभाल शुल्कातून भागतो.

खासगी जिममध्ये मालक एक असतो आणि ग्राहक त्याच्याशी थेट बोलतो. सामूहिक व्यायामशाळेत जागा एकाची, कारभार दुसऱ्याचा आणि दारावरचा माणूस तिसऱ्याच्या पगारावर, अशी स्थिती असते. सदस्यांना येणारे बरेवाईट अनुभव पुष्कळदा या विभागणीतून निघतात. रखवालदार अडवतो तेव्हा राग त्याच्यावर निघतो, पण अडवण्याचा नियम समितीने केलेला असतो आणि तो सदस्यांना कळवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

तालमीची व्यवस्था

जुन्या तालमीत पहारेकरी नावाचा वेगळा माणूस नसे. तालमीची किल्ली, आखाड्याची माती, मुद्गल-करेल्यांची निगा आणि पोरांची शिस्त हे सारे वस्तादाच्या हाती असे. मातीत तेल, ताक, हळद घालणे, ती खणणे आणि आखाडा झाडणे ही कामे शिकणारी मुले पाळीने करत. नवा मुलगा कोणाच्या तरी ओळखीने येई, त्यामुळे दारावर ओळखपत्र विचारण्याची वेळच येत नसे.  

या व्यवस्थेत जिव्हाळा होता, तशा उणिवाही होत्या. ओळख नसलेल्याला दार सहज उघडत नसे. स्त्रियांना आखाड्यात जागा नव्हती. वस्तादाचा शब्द शेवटचा असल्याने त्याच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. आजच्या व्यायामशाळेत अनोळखी माणसे, स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली पाळी संपवून येणारे कामगार एकत्र येतात. सगळे एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून ओळखीच्या जागी लेखी नियम लागतात. ते नसले की नियम ठरवण्याचे काम दारावरच्या माणसावर येऊन पडते.

रखवालदाराचा अधिकार

खासगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थेला राज्याचा परवाना लागतो. रक्षकाचे वय १८ पेक्षा कमी आणि ६५ पेक्षा जास्त असू नये. त्याच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी झालेली असावी आणि त्याच्याजवळ संस्थेचे छायाचित्रासह ओळखपत्र असावे. केंद्राच्या नमुना नियमांत किमान १०० तासांचे वर्गातले आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. पोलीस किंवा लष्कराच्या गणवेशासारखा दिसणारा गणवेश त्याला घालता येत नाही.

महाराष्ट्रात याशिवाय खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यासाठी १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली सुरक्षारक्षक मंडळे स्थापन झाली. मंडळाकडे नोंदलेल्या रक्षकाचे वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि इतर लाभ मंडळामार्फत जमा होतात. लहान संस्था आणि सोसायट्या मात्र अनेकदा दोन्ही वाटा सोडून ओळखीतला एखादा वयस्क माणूस ठेवतात. तो प्रामाणिक असतो, सगळे त्याला ‘काका’ म्हणतात, पण भांडण झाले किंवा कोणी कोसळले तर काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

रक्षकाला पोलिसांचे अधिकार नाहीत. प्रवेशाचे नियम सांगणे, नोंदवहीत नोंद करायला लावणे, नियम न पाळणाऱ्याला आत न सोडणे आणि गरज पडल्यास ११२ वर फोन करणे हे त्याचे काम. संमतीवाचून तो पिशवी उघडू शकत नाही, अंगझडती घेऊ शकत नाही, कोणाला डांबून ठेवू शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे कोणताही नागरिक आपल्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडू शकतो, पण त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. रक्षकाचा पकडण्याचा अधिकारही याहून मोठा नाही.

वाद मात्र याहून साध्या गोष्टींवरून होतात. कार्ड घरी राहिले, पाहुणा बरोबर आहे, शुल्क चार दिवस थकले, वेळ संपल्यावर कोणी आत शिरले. एका सदस्याला ‘जाऊ द्या’ म्हणून सोडायचे आणि दुसऱ्याला थांबवायचे, हा भेद सदस्यांच्या मनाला सर्वांत लागतो. रक्षकाची बाजूही समजून घ्यावी लागते. पदाधिकाऱ्याच्या नातलगाला अडवले तर नोकरी जाईल आणि सोडले तर बाकीचे बोलतील, अशा कात्रीत तो उभा असतो. कोणासाठी कोणती सवलत आहे हे दारावर लिहून लावलेले असेल, तर ही कात्री सैल होते.

आतले कर्मचारी

आत सदस्यांचा संबंध प्रशिक्षकाशी आणि सफाई करणाऱ्या मावशींशी येतो, तर शुल्क घेणारा माणूस महिन्यातून एकदा भेटतो. यात प्रशिक्षकाचे वजन सर्वांत जास्त. तरीही डॉक्टर किंवा वकिलासारखी सक्तीची नोंदणी जिम प्रशिक्षकासाठी भारतात नाही. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत फिटनेस प्रशिक्षकाचे अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रे मिळतात, पण ती पाहायची की नाही हे नेमणारा ठरवतो. चांगल्या प्रशिक्षकाची पहिली खूण प्रमाणपत्राआधी दिसते. व्यायाम सुरू करून देण्यापूर्वी तो रक्तदाब, मधुमेह, जुनी दुखापत आणि शस्त्रक्रिया यांबद्दल विचारतो.

सदस्यांची नेहमीची तक्रार असते दुजाभावाची. वैयक्तिक प्रशिक्षणाचे वेगळे पैसे देणाऱ्यांकडे लक्ष आणि बाकीच्यांकडे पाठ. संस्थेकडून पगार घेणाऱ्या प्रशिक्षकाने त्याच वेळेत खासगी शिकवणी घ्यावी का, हे नेमणुकीच्या पत्रातच ठरलेले हवे. दुसरा प्रश्न पूरक आहाराचा. पावडरचे डबे प्रशिक्षकामार्फत विकले जात असतील, तर प्रत्येक डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि मुदत पाहणे आवश्यक आहे. इंजेक्शनांचा विषय याहून गंभीर आहे. रक्तदाब वाढवण्यासाठी रुग्णालयात वापरले जाणारे मेफेंटरमाइन जिममधल्या तरुणांना विकल्याप्रकरणी राज्यात पोलीस कारवाया झाल्या आहेत. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. असे काही देऊ करणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार समितीपाशी न थांबवता अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा पोलिसांकडे नेली पाहिजे.

स्वच्छतेचा प्रश्न वेळेचा आहे. पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा या गर्दीच्या वेळा. सफाई बहुधा दुपारी, जागा रिकामी असताना होते. त्यामुळे गर्दीच्या वेळी बाकांवरचा घाम पुसलेला मिळत नाही. कोविडनंतर महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याला, पुन्हा उघडल्या, तेव्हा प्रत्येक वापरानंतर साधन पुसण्याची सवय लागली होती. आता तो भार पुन्हा मावशींवर आला आहे. त्यांच्या कामाच्या वेळा गर्दीप्रमाणे दोन भागांत विभागल्या, तर निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

स्त्रियांची सुरक्षितता

स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ ठेवणाऱ्या व्यायामशाळा बऱ्याच आहेत, पण ती वेळ बहुधा दुपारची असते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला ती उपयोगाची नसते. मग ती मिश्र वेळेत येते आणि स्पर्शाची पद्धत, रोखून पाहणे, नोंदवहीतून मिळवलेल्या क्रमांकावर येणारे संदेश असे प्रश्न उभे राहतात. व्यायामाची ढब सुधारताना स्पर्श करावा लागला तर आधी विचारणे, ही प्रशिक्षकाची मूलभूत शिस्त आहे. वहीत दूरध्वनी क्रमांक सर्वांना दिसेल असा लिहून घेणे तर टाळताच येते.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा केवळ नोकरदार स्त्रीपुरता नाही. त्या ठिकाणी आलेली, तिथे नोकरीला नसलेली स्त्रीही त्याखाली तक्रार करू शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर संस्थेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे. कपडे बदलण्याच्या जागी चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचा गुन्हा असून पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. पाठलाग कलम ७८ मध्ये येतो.

कॅमेरा, अंगठा आणि लॉकर

व्यायामाच्या हॉलमध्ये, दाराशी आणि वाहनतळावर कॅमेरे असणे योग्य ठरते. चित्रण कोण पाहते आणि किती दिवस ठेवते, हे मात्र सदस्यांना क्वचितच सांगितले जाते. हजेरीसाठी अंगठ्याचा ठसा किंवा चेहरा घेतला जातो तेव्हाही हाच प्रश्न येतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातली बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली हे सांगणे, संमती घेणे आणि काम संपल्यावर ती पुसणे ही त्याची मुख्य सूत्रे. सदस्यत्व सोडलेल्याचा ठसा यंत्रात तसाच राहू देणे त्यात बसत नाही.

‘सामानाची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही’ ही पाटी जवळपास प्रत्येक व्यायामशाळेत दिसते. ती लावली म्हणून सगळी जबाबदारी संपत नाही. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या ताब्यातून १९९८ साली मारुती झेन चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितले की, गाडीची किल्ली स्वतःकडे घेतल्यावर हॉटेलला निष्काळजीपणाची जबाबदारी पावतीवरच्या अटीने झटकता येत नाही. व्यायामशाळेत भेद असाच करावा लागतो. सदस्याने स्वतःचे कुलूप लावलेला लॉकर आणि कर्मचाऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू यांत जबाबदारी सारखी नसते.

कोणी कोसळले तर

१० ऑगस्ट २०२२ रोजी विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव दिल्लीतल्या जिममध्ये ट्रेडमिलवर कोसळले आणि २१ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. त्यानंतर जिममधल्या आणीबाणीची चर्चा देशभर झाली. हृदय बंद पडल्यावरची पहिली काही मिनिटे निर्णायक असतात आणि तेव्हा जवळ असतात ते प्रशिक्षक आणि रखवालदार. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहणे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करणे, एवढे दोघांनाही आले पाहिजे. रुग्णवाहिकेसाठी फाटक उघडून ठेवणे हे रक्षकाचे काम.

आगीच्या बाबतीत महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू होतो. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. जिन्यात ठेवलेली जुनी यंत्रे आणि रात्री कुलूप लावलेले मागचे दार ही समितीने आधी पाहायची ठिकाणे.

तक्रार कुठे करावी

तक्रारीचे दार व्यायामशाळेच्या प्रकाराप्रमाणे बदलते. गृहसंकुलात पहिला लेखी अर्ज सोसायटीच्या सचिवाकडे, नंतर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. नोंदणीकृत न्यासाच्या कारभाराबद्दल धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय. महापालिकेच्या इमारतीसाठी महापालिका. चालवणाऱ्या संस्थेशी झालेल्या कराराची प्रत माहिती अधिकारात दहा रुपये शुल्काच्या अर्जाने मागता येते आणि तिचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. दुरुस्ती, स्वच्छता आणि पहारा यांपैकी काय कोणाच्या अंगावर आहे, हे त्या करारातून कळते.

शुल्क घेऊन सेवा दिली नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती चालते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्यासाठी पावती लागते. जिमवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे कर लावलेली पावती असेल तर तो आकडाही तपासावा.

रक्षक पुरवणाऱ्या संस्थेशी होणाऱ्या कराराला मुदत असते. एकेका प्रसंगानंतर रक्षक बदलून मागण्यापेक्षा, नूतनीकरणाआधी वर्षभराच्या तक्रारी एकत्र वाचून कामाचे तास, प्रशिक्षण, ओळखपत्र आणि प्रवेशाचे नियम करारात घालून घेणे अधिक टिकते. सोसायटीत किंवा संस्थेत यासाठी योग्य जागा वार्षिक सर्वसाधारण सभा. तिथे हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा म्हणून सदस्यांनी तो आधी लेखी द्यावा.